समुद्राचें कुरण : फिजी बेटांतील गांवकरी मासळी कशी मोजतात व कशी राखतात

पेरणीसाठीं राखून ठेवलेलें बीं जो शेतकरी दळून खातो, त्याच्याजवळ पुढील वर्षीं शेत असतें पण पीक नसतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नको. घरांत कितीही ओढ असली तरी बियांच्या कणगीस हात लावावयाचा नाहीं, हा नियम आपण पुस्तकांतून शिकलों नाहीं. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या भुकेनें शिकविलेला आहे. परंतु जें धान्य डोळ्यांसमोर कणगींत आहे त्याचें बीं राखणें सोपें. जें पीक पाण्याखालीं आहे, जें कोणीं पेरलेलें नाहीं, ज्यास बांध नाहीं, आणि आज आपण न घेतलें तर उद्यां शेजारी नेईल अशी ज्याविषयीं भीति आहे, त्याचें बीं कोणीं व कसें राखावें? समुद्रांत मासेमारी करणाऱ्या प्रत्येक देशापुढें आज हा प्रश्न उभा आहे.

दक्षिण पॅसिफिक महासागरांतील फिजी नांवाच्या लहानशा देशांत गेल्या तीसेक वर्षांत गांवकऱ्यांनीं या प्रश्नाचें एक उत्तर शोधिलें आहे. तें पूर्ण उत्तर नव्हे. त्यांत चुका झाल्या, आणि त्या चुकांपासूनही शिकण्यासारखें पुष्कळ आहे. मोठीं जहाजें, महागडीं यंत्रें व मोठा पैसा हाताशीं नसतां केवळ दोरी, पट्टी व वही यांच्या साहाय्यानें सामाईक संपत्ति मोजतां येते, आणि मोजल्यावांचून ती राखतां येत नाहीं, असें या हकीकतीवरून दिसून येईल. गायरान, गांवतळें, जमिनीखालचें पाणी अशा सामाईक संपत्तीशीं ज्यांचा रोज संबंध येतो त्या आमच्या शेतकरी बंधूंस ही माहिती उपयोगी वाटेल, म्हणून ती येथें देत आहों.

देश व त्याचें पाणी

फिजीचें नांव आपल्याकडे ऊंसामुळें ऐकिवांत आहे. १८७९ पासून १९१६ पर्यंत हिंदुस्थानांतून साठ हजारांवर मजूर करारानें बांधून तेथील ऊंसाच्या मळ्यांत नेण्यांत आले, व त्यांचे कित्येक वंशज आजही तेथें ऊंस पिकवितात. देश तीनशेंहून अधिक बेटांचा आहे. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश बेटांवरच वस्ती आहे. विती लेवू व वनुआ लेवू हीं दोन बेटें मोठीं, बाकीचीं लहान. सर्व जमीन एकत्र केली तर सुमारें १८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडीशीच अधिक भरते. २०१७ च्या खानेसुमारींत लोकसंख्या नऊ लाखांच्या आंतच होती. उलट त्या देशाच्या हक्काचा समुद्र जवळजवळ १३ लाख चौरस किलोमीटर आहे.

या समुद्रांतील मासेमारी दोन प्रकारची आहे, आणि त्या दोहोंची गल्लत करूं नये. खोल पाण्यांत कुप्याच्या जातीचे मोठे मासे सांपडतात. त्यांचा हिशेब जहाजें, परवाने व राष्ट्राराष्ट्रांतील करार यांवर चालतो. गांवच्या चुलीवर शिजणारी मासळी मात्र किनाऱ्यालगतची असते. खाडीचा चिखल, समुद्रगवताचीं कुरणें, तिवरांचीं बनें आणि पोवळ्यांचे खडक हीं तिचीं शेतें होत. येथें आम्ही या किनाऱ्यालगतच्या मासळीविषयींच लिहीत आहों.

किनाऱ्याजवळच्या वहिवाटीच्या पाण्यास तेथें ‘गोलिंगोली’ म्हणतात. अशीं सुमारें चारशें दहा क्षेत्रें सरकारदफ्तरीं नोंदलेलीं आहेत. समुद्राचा तळ कायद्यानें सरकारचा. परंतु त्यावरील पाण्यांत मासे धरण्याचा हक्क त्या त्या ठिकाणच्या मूळ कुळांचा मानलेला आहे. बाहेरच्या माणसास तेथें विक्रीसाठीं मासेमारी करावयाची असेल तर सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं वहिवाटदारांची संमति मिळविण्याची रीत आहे. ही व्यवस्था नसती तर पुढें जें कांहीं घडलें तें घडलेंच नसतें. ज्या कुरणांत कोणीही गुरें सोडावीं, त्या कुरणाची राखण करण्यास कोण पुढें येईल?

या लोकांत एक जुनी चाल आहे. गांवचा सरदार वारला म्हणजे त्याच्या सन्मानार्थ पाण्याचा एखादा भाग शंभर रात्रीं बंद ठेवावयाचा, आणि मुदत संपली म्हणजे तो उघडून तेथील मासळी गांवजेवणास आणावयाची. या बंदीस ‘तांबू’ म्हणतात. इंग्रजींतील ‘टॅबू’ हा शब्द पॅसिफिक बेटांतील याच भाषाकुळांतून तिकडे गेलेला आहे. बंद ठेवलेल्या पाण्यांत मासळी वाढते, हें ज्ञान या लोकांस नवें नव्हतें. मात्र त्या बंदीचा उद्देश सन्मानाचा व मेजवानीचा होता. बीं राखण्याचा नव्हता. हा फरक वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

मासळी कां आटली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत किनाऱ्यावरील जीवन बदललें. वल्ह्याच्या होडीस यंत्र लागलें, सुताच्या जाळ्याऐवजीं नायलॉनचें जाळें आलें, बर्फ मिळूं लागला, आणि शहरच्या बाजारांत रोख पैसा देणारें गिऱ्हाईक उभें राहिलें. पूर्वीं गांवास पुरे इतकीच मासळी धरली जाई, कारण उरलेली दुसऱ्या दिवशीं नासत असे. बर्फ आल्यावर ‘पुरे’ या शब्दास अर्थ उरला नाहीं. रात्रीं पाण्याखालीं विजेरी घेऊन भाल्यानें मासे मारण्याची रीत तर विशेष घातक ठरली. खडकांतील कित्येक मोठे मासे रात्रीं कपारींत निजतात. त्यांस निजलेल्या स्थितींत टिपणें म्हणजे गोठ्यांत बांधलेलीं गुरें मारण्यासारखेंच आहे.

नुकसान चालू असतां तें दिसत कां नाहीं, याचें कारणही समजून घेतलें पाहिजे. वर्षअखेर बाजारांत आलेल्या मासळीचें वजन पाहिलें तर तें कित्येक वर्षें सारखेंच भरतें, आणि सर्व ठीक आहे असें वाटतें. परंतु पूर्वीं दोन तासांत भरणारी टोपली आतां आठ तासांत भरते, पूर्वीं घरासमोर मिळणारी मासळी आतां दोन कोस दूर जाऊन आणावी लागते, हें त्या वजनांत दिसत नाहीं. विहिरीचें पाणी खालीं जात असतां आपण अधिक शक्तीचा पंप बसवितों व पाटांतील धार तेवढीच पाहून समाधान मानतों, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून मासळीची स्थिति पाहावयाची असेल तर पहिला प्रश्न ‘किती मिळाली’ हा नसून ‘किती वेळांत, कोठें, व केवढ्या आकाराची मिळाली’ हा आहे. हे तीन रकाने ज्या वहींत आहेत, ती वहीच खरी.

उदुनिवनुआचा वाफा

विती लेवू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वेराता नांवाच्या भागांत उदुनिवनुआ हें गांव आहे. गांवासमोरच्या चिखलांत व समुद्रगवतांत ‘काइकोसो’ नांवाचा शिंपला होतो. आपल्या कोंकणांतील खुब्या-तिसऱ्यांप्रमाणें तो ओहोटीच्या वेळीं हातांनीं वेंचतात, व हें काम मुख्यतः स्त्रियांचें आहे. १९६० नंतरच्या काळांत कांहीं तासांत मोठ्या शिंपल्यांचीं कित्येक पोतीं भरत, असें गांवांतील जुनीं माणसें सांगत. १९९० नंतर दिवसभर चिखलांत वांकून राबावें तेव्हां अर्धें पोतें मिळूं लागलें, आणि तेंही बारीक शिंपल्यांचें.

तेव्हां गांवानें राजधानी सुवा येथील दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या लोकांस साहाय्यार्थ बोलाविलें. बऱ्याच बैठका झाल्या, आणि १९९७ च्या आरंभीं गांवानें आपल्या समोरच्या चिखलाचा व समुद्रगवताचा २४ हेक्टरांचा तुकडा तीन वर्षांसाठीं बंद करण्याचें ठरविलें. हद्दीच्या खुणा रोंवल्या, सरदारांकडून जुन्या रीतीप्रमाणें तांबू जाहीर करविला, आणि वीस स्त्रीपुरुषांचें एक मंडळ नेमलें.

येथपर्यंत जें झालें त्यांत शंभर रात्रींच्या जुन्या चालीहून फारसें निराळें असें कांहीं नाहीं. निराळें जें झालें तें यापुढें. या वीस माणसांस मोजण्याची रीत शिकविण्यांत आली. ओहोटीच्या वेळीं पांचशें मीटर लांबीची सरळ रेघ धरावयाची, दर दहा मीटरांवर थांबून तेवढ्याच ठराविक जागेंतील शिंपले मोजावयाचे, त्यांचा आकार पट्टीनें पाहून वहींत लिहावयाचा. अशी मोजणी बंद पाण्यांत करावयाची, आणि त्याच्या शेजारच्या उघड्या पाण्यांतही करावयाची. आमच्या वाचकांनीं शेतकी खात्याच्या प्रयोगक्षेत्रावर खत घातलेला वाफा व त्याशेजारीं मुद्दाम बिनखताचा ठेवलेला वाफा पाहिला असेलच. शेजारचा वाफा नसेल तर पीक खतानें वाढलें कीं त्या वर्षींच्या पावसानें, हें कळावयाचें कसें? उदुनिवनुआच्या लोकांनीं समुद्रांत हेच दोन वाफे आंखिले.

फळ लवकरच दिसलें. बंद तुकड्यांत शिंपल्यांची संख्या व आकार दोन्ही वाढलीं. १९९७ सालीं पांच सेंटिमीटरांहून मोठा शिंपला क्वचितच हातीं लागे. कांहीं वर्षांनीं बंद भागांत आठ सेंटिमीटरांहून मोठे शिंपले नेहमीं आढळूं लागले. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, शेजारच्या उघड्या भागांतही शिंपले वाढले. शिंपल्याचीं पिल्लें जन्मल्यावर आरंभीं पाण्यांत तरंगत फिरतात व मग कोठें तरी तळाशीं बसतात. त्यामुळें बंद तुकडा हा आसपासच्या पाण्यास बीं पुरविणारा वाफा झाला. ज्या स्त्रियांनीं घराजवळची जागा सोडून दिली होती, त्यांचें नुकसान शेजारच्या जागेंतून भरून निघूं लागलें. तीन वर्षांची बंदी पुढें बेमुदत वाढविण्यांत आली. २००२ सालीं वेरातांतील या कामास संयुक्त राष्ट्रांचें विषुववृत्त पारितोषिक मिळालें. परंतु खरें पारितोषिक निराळेंच होतें : शेजारचीं गांवें येऊन पाहूं लागलीं व ‘आम्हांसही मोजावयास शिकवा’ म्हणूं लागलीं. पुढें फिजींतील शेंकडों गांवांनीं आपापल्या पाण्याचा कांहीं भाग बंद केला, आणि अशा गांवांचें, विद्यापीठाच्या लोकांचें व सरकारी खात्याचें मिळून एक मंडळ देशभर उभें राहिलें.

माशाची लांबी काय सांगते

शिंपला एका जागीं बसून राहतो, म्हणून तो मोजतां येतो. पोहणारा मासा कसा मोजावयाचा? मोठीं राष्ट्रें जहाजें पाठवून, कित्येक वर्षांचे आंकडे जमवून, गणिताच्या साहाय्यानें समुद्रांत अमक्या जातीचे इतके टन मासे आहेत असा अंदाज बांधितात. खडकाळ किनाऱ्यावर एकाच टोपलींत वीस-वीस जातींचे मासे येतात, आणि प्रत्येक जातीसाठीं असा खर्च करणें लहान देशास परवडणारें नाहीं. या अडचणींतून जेरेमी प्रिन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक सोपी वाट काढली. ती त्यांनीं २०१२ च्या सुमारास पलाऊ या दुसऱ्या लहान बेटराष्ट्रांत वापरून पाहिली, आणि २०१४ पासून फिजींत आणली. तिचें तत्त्व शेतकऱ्यास चटकन् पटण्यासारखें आहे.

समुद्रांत एकंदर मासे किती, हा प्रश्नच बाजूस ठेवावयाचा. त्याऐवजीं असें विचारावयाचें : एखाद्या जातीच्या माशांस कोणीं धरलेंच नसतें तर त्यांनीं आपल्या आयुष्यांत जितकीं अंडीं घातलीं असतीं, त्यांपैकीं शेंकडा किती अंडीं आज घातलीं जात आहेत? यास प्रजननशक्तीचें प्रमाण म्हणूं. न धरलेल्या जातीचें प्रमाण शंभर. तें तीस-चाळिसांच्या आसपास असेल तर जात चांगली टिकते व मासळीही भरपूर देते. विसाच्या खालीं गेलें कीं नवीं पिल्लें कमी होऊं लागतात, आणि दहाच्या खालीं गेलें तर ती जात त्या पाण्यांतून नाहींशी होण्याच्या वाटेवर आहे असें समजावें.

हें प्रमाण काढण्यास दोनच गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, मासा कोणत्या लांबीस वयांत येतो. धरलेल्या माशाची लांबी पाटावर मोजावयाची, पोट चिरून गाभोळी धरली आहे कीं नाहीं तें पाहावयाचें, व लिहून ठेवावयाचें. ज्या लांबीस निम्मे मासे वयांत आलेले दिसतात, ती त्या जातीची वयांत येण्याची लांबी. दुसरी, धरलेल्या माशांत लहान किती, मध्यम किती व मोठे किती. ज्या पाण्यांत मासेमारी बेताची आहे तेथें वयांत येऊन कित्येक वर्षें जगलेले मोठे मासे भरपूर सांपडतात. जेथें ती अतोनात आहे तेथें मासा वयांत येतो न येतो तोंच धरला जातो, व टोपलींत सगळे एकाच बारीक मापाचे मासे दिसतात. कळपांत सर्व कालवडीच दिसल्या व एकही व्यालेली गाय दिसली नाहीं, तर त्या कळपाचें भवितव्य सांगावयास ज्योतिषी नको.

मोठ्या माशाचें महत्त्व किती, हें एका हिशेबावरून दिसेल. माशाची लांबी दुप्पट झाली म्हणजे त्याचें वजन सुमारें आठपट होतें, आणि अंडीं साधारणतः वजनाच्या प्रमाणांत, पुष्कळ जातींत त्याहूनही अधिक वाढतात. म्हणजे नुकती वयांत आलेली एक मादी व तिच्या दुप्पट लांबीची एक मादी, या बाजारांत दोन नग असल्या तरी बियांच्या हिशेबानें एक पायली व आठ पायल्या आहेत.

फिजींत गांवोगांवच्या कोळ्यांनीं स्वतः मासे मोजून व चिरून हे आंकडे जमविले. निकाल सुखाचा नव्हता : तपासलेल्या जातींपैकीं निम्म्याहून अधिक जातींचें प्रमाण शेंकडा विसाच्या खालीं निघालें. परंतु हा निकाल बाहेरच्या साहेबानें सांगितलेला नव्हता. ‘आम्ही धरतों ते मासे बहुतेक कोंवळे आहेत’ हें ज्यानें आपल्या हातानें शंभर माशांचीं पोटें चिरून पाहिलें, त्यास तें व्याख्यानानें पटवावें लागत नाहीं. उपायही त्याच मोजणींतून निघतो. वयांत येण्याच्या लांबीहून साधारण पांचव्या हिश्शानें अधिक लांबी ही धरण्याची किमान मर्यादा ठेवावी, म्हणजे प्रत्येक मादीस निदान कांहीं वेळां अंडीं घालावयास मिळतात, असा या शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. उदाहरणार्थ, एखादी जात ३० सेंटिमीटरांस वयांत येत असेल तर ३६ सेंटिमीटरांच्या आंतील मासा सोडून द्यावा.

लग्नसराईची बंदी

कांहीं जातींस लांबीच्या नियमाखेरीज निराळी राखण लागते. आपल्याकडील हेकरू किंवा गोबरा ज्या कुळांतला, त्याच कुळांतील ‘कवाकवा’ व ‘दोनू’ या नांवांनीं ओळखले जाणारे मासे फिजींत फार आवडीनें खातात. हे मासे एरवीं विखुरलेले असतात. पण वर्षांतील ठराविक महिन्यांत, चंद्राच्या ठराविक तिथींच्या सुमारास, ते प्रवाळाच्या भिंतींतील ठराविक वाटांपाशीं मोठ्या संख्येनें जमतात व तेथेंच अंडीं सोडतात. जुन्या कोळ्यांस या जागा व तिथी तोंडपाठ असतात, आणि त्यामुळेंच धोका आहे. वर्षभराची मासळी चार रात्रींत धरतां येते, पण त्याबरोबर पुढील कित्येक वर्षांचें बींही जातें. जत्रेच्या जागीं जमलेली गर्दी पाहून गांव भरभराटींत आहे असें समजावें, तशी येथें फसगत होते. थवा शेवटच्या वर्षापर्यंत दाट दिसतो आणि मग एके वर्षीं येतच नाहीं.

२०१४ पासून फिजींत या माशांच्या विणीच्या काळांत ते धरूं नयेत, विकूं नयेत व खाऊं नयेत अशी एक लोकचळवळ सुरू झाली. पुष्कळ घरांनीं, भटारखान्यांनीं व व्यापाऱ्यांनीं तशी प्रतिज्ञा घेतली. २०१८ सालीं सरकारनें जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हे मासे धरण्यास व विकण्यास कायद्यानें बंदी केली. आधीं लोकमत व मग कायदा, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाईकानें तोंड फिरविलें म्हणजे समुद्रावर पहारा ठेवण्याचें अर्धें काम बाजारांतच होतें.

कणगी उघडण्याची चूक

आतां चुकीची हकीकत. वनुआ लेवू बेटाच्या उत्तरेस प्रवाळाची एक प्रचंड लांब भिंत आहे, व तिच्याजवळ किया नांवाचें लहान बेट आहे. तेथील लोकांनीं आपल्या पाण्याचा एक भाग कांहीं वर्षें बंद ठेविला होता. तपासणी करणाऱ्यांस बंद भागांत मासळी वाढलेली स्पष्ट दिसली होती. २००८ सालीं गांवास सार्वजनिक कार्यासाठीं पैशांची गरज पडली, आणि तेवढ्यापुरता तो भाग उघडण्यांत आला. कांहीं आठवडे रात्रंदिवस मासेमारी झाली. पैसे मिळाले, गरज भागली, व बंदी पुन्हां घालण्यांत आली. परंतु नंतर केलेल्या मोजणींत असें आढळलें कीं, साठविलेल्या मासळीचा, विशेषतः मोठ्या माशांचा, बराच मोठा भाग तेवढ्या आठवड्यांत गेला होता, व एक वर्ष उलटलें तरी तो भरून आलेला नव्हता.

या लोकांस आम्ही दोष देत नाहीं. तांबूची जुनी चाल पाणी बंद करून योग्य वेळीं उघडण्याचीच होती. मेजवानी हा तिचा शेवट होता. अडीअडचणीसाठीं ठेव ठेवावी व ती वापरावी यांतही गैर कांहीं नाहीं. फेब्रुवारी १९१६ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, २० फेब्रुवारी २०१६ रोजीं, विन्स्टन नांवाच्या महाभयंकर वादळानें फिजींत ४४ माणसें घेतलीं, घरें व शेतें जमीनदोस्त केलीं. अशा वेळीं बंद पाण्यांतील मासळी गांवास आधार होते. दुष्काळांत पेंव उघडावयाचें नाहीं तर केव्हां? चूक उघडण्यांत नव्हती. किती काढावयाचें हें न ठरवितां उघडण्यांत होती. पेंव उघडतांना घरचा कर्ता माणूस माप घेऊन उभा असतो. येथें माप नव्हतें. किती दिवस, किती होड्या, कोणत्या जाती व कोणत्या लांबीच्या वर, हें आधीं ठरलें असतें, रोजची आवक लिहिली गेली असती, आणि ठरलेला आंकडा भरतांच जाळीं उचललीं असतीं, तर गरजही भागली असती व बींही राहिलें असतें.

अडचणी

ही व्यवस्था निर्दोष आहे असें भासविणें योग्य होणार नाहीं. बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. बंद करावयाची जागा बहुधा गांवासमोरची, कारण तेथेंच नजर ठेवतां येते. पण होडी नसलेल्या स्त्रिया व वृद्ध यांचें पोट त्याच जागेवर असतें. म्हणून हद्द ठरविणाऱ्या बैठकींत शिंपले वेंचणाऱ्या स्त्रिया नसतील, तर ती हद्द कागदावरच राहण्याचा संभव फार. दुसरें, रात्रीं येणाऱ्या चोरट्या होड्या. गांवकरी राखणदार बिनपगारी असतात. त्यांच्या होडीस तेल कोणीं घालावें हा नेहमींचा प्रश्न आहे. तिसरें, पैशाचा मोह. समुद्रकाकडी या नांवाच्या प्राण्यास चीनच्या बाजारांत भारी किंमत येते. हा प्राणी आपलीं अंडीं पाण्यांत मोकळीं सोडतो. नरमाद्या जवळजवळ असतील तरच तीं फळतात. तो विरळ झाला कीं उरलेले असूनही वांझ ठरतात. फिजींत त्याची इतकी लूट झाली कीं २०१७ सालीं सरकारला त्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. जेथें बाहेरचा व्यापारी रोख पैसे घेऊन उभा आहे तेथें एकट्या गांवाची शक्ति अपुरी पडते, व सरकारनें मागें उभें राहिलें पाहिजे, असाच याचा अर्थ.

चौथी अडचण खुद्द शेतकऱ्यांची आहे. उतारावरची जमीन बांध न घालतां नांगरली, ओढ्याकांठचीं झाडें तोडलीं, म्हणजे पावसाळ्यांत माती नदीवाटें समुद्रांत जाते व पोवळ्यांवर व समुद्रगवतावर बसते. पोवळीं व गवत दोन्ही सूर्यप्रकाशावर जगणारीं. मातीच्या थराखालीं तीं मरतात, आणि त्यांबरोबर माशांचें घर मोडतें. समुद्र कितीही काटेकोरपणें बंद केला तरी डोंगर उघडा असेल तर ती राखण अर्धीच. एकच माती, शेतांत राहिली तर पीक, समुद्रांत गेली तर विष.

आपल्यासाठीं

आपल्या किनाऱ्यावर ही कल्पना अगदीं परकी नाहीं. पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवावयाच्या व नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच त्या पाण्यांत घालावयाच्या, ही कोळी बांधवांची चाल जुनी आहे; आज कायद्यानेंही १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांस मासेमारी बंद असते. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें ५४ जातींच्या मासळीसाठीं धरण्याची किमान लांबीही ठरवून दिली आहे. म्हणजे काळाची बंदी आहे व मापाचा नियमही आहे. उणीव आहे ती मापाची पट्टी प्रत्येक बंदरावर, प्रत्येक बाजारांत व प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नजरेंत असण्याची. बोटभर लांबीची सुरमई वा पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेणारा शहरवासी, आणि खतासाठीं व कोंबड्यांच्या खाद्यासाठीं बारीक मासळीची पोतीं विकत घेणारा शेतकरी, हे दोघेही नकळत त्या बियांच्या कणगींत हात घालीत असतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस अशी मासळी घ्यावी लागते, त्यांनीं तींत मोठ्या जातींचीं पिल्लें किती आहेत हें एकदां पोतें उघडून पाहावें.

आणि ज्यांचा समुद्राशीं मुळींच संबंध नाहीं त्यांसही उदुनिवनुआचा वाफा उपयोगी आहे. गांवतळ्यांतील मासळी असो, गायरानांतील गवत असो, कीं विहिरींची पातळी असो. ‘पूर्वीं पुष्कळ होतें, आतां नाहीं’ एवढें म्हणून सुस्कारा टाकणें ही मोजणी नव्हे. एक तुकडा राखावा, एक शेजारीं तसाच ठेवावा, दोहोंचें माप ठराविक दिवशीं त्याच रीतीनें घ्यावें, आणि तें चावडीवर सर्वांस दिसेल असें लिहावें. वीस माणसें, एक दोरी, एक पट्टी व एक वही, इतकें भांडवल कोणत्याही गांवास जड नाहीं. जें सामाईक आहे तें कोणाचेंच नाहीं असें मानलें तर तें संपतें. तें सर्वांचें आहे असें नुसतें म्हटलें तरीही संपतें. सर्वांनीं मिळून मोजलें, व मोजून ठरविलें तेवढेंच घेतलें, तर मात्र तें टिकतें, असें त्या दूरच्या बेटांतील शिंपले वेंचणाऱ्या स्त्रियांनीं दाखवून दिलें आहे.